पेंडीला पर्याय आहे, पण बांधावर लावायची तयारी पाहिजे

मडग्याळवाला (जत): माझ्याकडे मडग्याळ जातीच्या 30 मेंढ्या बंदिस्त आहेत, चरायला न सोडता जागेवरच चारा देतो. सरकी पेंडीचं पोतं घ्यायचं म्हटलं की महिन्याचं गणित बिघडतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी बांधावर सुबाभूळ, हादगा आणि शेवगा लावला आणि अर्ध्या एकरात दशरथ घास हे हिरव्या चाऱ्याचं पीक. आता मोठ्या मेंढ्यांची पेंड अर्ध्यावर आणलीय आणि दुधात काही फरक नाही. माझं स्पष्ट मत आहे की पेंडीच्या मागं लागून आपण व्यापाऱ्याचं घर भरतोय, पाला आपल्या शेतात फुकट उगवतो.

कोकरूपालन: दादा, फुकट कसा? पाणी कोण देतं, रोज कापून कोण आणतं? आम्ही बकरी ईदसाठी नर तयार करतो, तीन महिन्यात वजन बसलं पाहिजे. नुसत्या पाल्यावर पोट भरलेलं दिसतं पण काट्यावर वजन येत नाही. सोयाबीन पेंडीत 45 टक्के प्रोटीन, तुमच्या पाल्यात वाळवून 20-22. कोकराच्या पोटात तेवढी जागाच नाही.

आटपाडीकर: अझोला करा की, पाण्यावर तरंगणारी ती बारीक हिरवी वनस्पती, खर्च नाही काही, सगळे व्हिडिओत सांगतात.

कोकरूपालन: ते व्हिडिओ बघूनच मी केला होता. नीट हिशोब करा, ओल्या अझोल्यात 94-95 टक्के पाणी. एक किलोत प्रोटीन कसंबसं 12 ग्रॅम. पाव किलो सरकी पेंडीत 50-55 ग्रॅम येतं, म्हणजे एका मेंढीला रोज 4 किलोच्या वर अझोला, आणि एका वाफ्यातनं निघतो दीड-दोन किलो. 30 मेंढ्यांना साठच्या वर वाफे लागतील, कुठं करायचे? कोंबड्यांना थोडा टाकायला बरा आहे तो.

मडग्याळवाला (जत): अझोल्याचं तुमचं पटलं. वजनाचंही अर्धं पटलं, म्हणूनच मी कोकरांची पेंड तोडली नाही, मी मोठ्या मेंढ्यांचं बोलतोय. अजून एक, सुबाभूळ भरमसाट घालू नका. पहिल्या पावसाळ्यात कोवळा पाला हाताशी म्हणून नुसता तोच टाकला, तर दोन मेंढ्यांची लोकर पाठीवरनं हातानं ओढली की गठ्ठ्यानं यायला लागली. मिमोसिन म्हणून घटक असतो त्यात. आता चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर देत नाही, बाकी कडबा आणि तुरीचं भुसकट.

वाड्यावरचा: आमचे आजोबा आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडायचे, उन्हाळाभर मेंढरं त्यावर राहायची. पेंड बघितली नव्हती कुणी. पण मेंढरं दिवसाला दहा कोस फिरायची आणि पाहिजे ते तोडून खायची, हे बंदिस्तवाल्यांनी विसरू नये.

आटपाडीकर: मग मक्याचा डीडीजीएस? इथेनॉल काढून उरलेला चोथा, कारखान्यातनं येतो, पेंडीपेक्षा स्वस्त पडतो.

कोकरूपालन: चालतो, 26-30 टक्के प्रोटीन असतं. पण पोतं उघडून वास घ्या, बुरशीचा वास आला तर परत पाठवा, अफलाटॉक्सिननं, म्हणजे बुरशीच्या विषानं, लिव्हर जातं. आणि कुणी स्वस्त म्हणून कोंबडी खाद्य मेंढीला घालू नका, त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला तांबं अजिबात सोसत नाही, शेळीपेक्षाही कमी. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसात हळूहळू बदला, एकदम वाढवला की आंत्रविषार होतो, आतड्यात विष तयार होऊन जनावर जातं. माझी दोन चांगली कोकरं एका रात्रीत गेलीत, संध्याकाळी दाणं खात होती.

मडग्याळवाला (जत): लस टोचली नव्हती का?

कोकरूपालन: आठवडा उशीर झाला होता.