पंचतारांकित चायनीज : पैसे जेवणाचे की झुंबराचे?

खादाडखाऊ
बहिणीच्या प्रमोशनची पार्टी म्हणून परवा दक्षिण मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या चायनीजला गेलो होतो, नाव देत नाही. चौघांचं बिल 14,000 च्या वर. खाल्लं काय तर सूप, चिली चिकन, नूडल्स, फ्राइड राइस आणि जास्मिन टी, जो "सर, टी?" एवढंच विचारून आणला आणि नंतर बिलात दिसला. चव वाईट नव्हती हो, पण आमच्या स्टेशनबाहेरच्या गाडीवर ट्रिपल शेजवान मिळतो त्याच्यापेक्षा इतक्या पटीने चांगली होती का? माझं सरळ मत आहे, तिथे पैसे झुंबराचे आणि मांडीवर नॅपकिन पसरून देणाऱ्या माणसाचे. पटत नसेल तर का ते सांगा.

तिरफळ
नाही पटत. एवढ्या लांब जाऊन चिली चिकन आणि फ्राइड राइस कोण मागवतं? हा सगळा आपल्याकडचा प्रकार. मंचुरियनचं श्रेय तर कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वांगना देतात, 1975 च्या सुमाराला मुंबईच्या क्रिकेट क्लबात त्यांनी आलं-लसूण-मिरचीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला म्हणून. ते गाडीवर झकासच लागतं, वाद नाही. तिथे मागवायचं ते हार गाव, म्हणजे कोळंबी भरून वाफवलेलं डंपलिंग. गव्हाच्या स्टार्चची पारी, उकळतं पाणी ओतून मळलेली, लाटायची नाही तर तेल लावलेल्या रुंद सुऱ्याने दाबून पातळ करायची, मग एका कडेला बारीक चुण्या. वाफवल्यावर आतली कोळंबी बाहेरून गुलाबी दिसली पाहिजे आणि काड्यांनी उचलताना पारी फाटता कामा नये. हे हात तयार व्हायला वर्षं जातात, पैसे त्याचे.

खादाडखाऊ
चुण्या आमची आईपण पाडते मोदकाला, 14,000 नाही घेत 😄

तिरफळ
आईची मजुरी कुणी धरतच नाही म्हणून.

बिलबघ्या
भांडण राहू द्या, आधी बिल नीट बघा. ज्या हॉटेलात रूमचं भाडं 7,500 च्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 18 टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला 5. म्हणजे तेच जेवण हॉटेलच्या भिंतीआड खाल्लं की तिथेच फरक पडला. वर सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलं होतं की परस्पर बिलात लावायचा नाही आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. पण पार्टीत पाहुण्यांसमोर बोलायची लाज वाटते ना, त्यावरच चालतं हे सगळं.

कुलाबकर
खादाडखाऊंशी अर्धा सहमत. डेकोरचे पैसे असतातच, पण चवीचं म्हणाल तर ताजच्या गोल्डन ड्रॅगनने 1973 मध्ये सिचुआन (म्हणजे आपण ज्याला शेजवान म्हणतो ते) जेवण मुंबईत आणलं आणि आपण त्याचं काय केलं तर लाल चटणी करून डोशात भरली. खऱ्या सिचुआनमध्ये नुसतं तिखट नसतं, जीभ झिणझिणते आणि ओठ बधिर होतात, आणि ते करणारी मिरी म्हणजे आपण बांगड्याच्या आमटीत घालतो त्या तिरफळाचं सख्खं भावंड, तिचीसुद्धा बी टाकून सालच वापरतात. एखाद्या कोकणी माणसाने तिथे मापो टोफू, म्हणजे तिखट रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर, खाऊन बघावा, पहिल्या घासाला ओळख पटेल. गाडीवर हे मिळणार आहे का?

शाकाहारी_सदाशिव
मापो टोफूत खिमा असतो साहेब. आम्ही काय खायचं? मी गेलो तेव्हा बेबी कॉर्न, मशरूम आणि पुन्हा बेबी कॉर्न, आणि दर मात्र चिकनच्या जवळपास. शाकाहाऱ्यांना तिथे लुटतातच, याबाबतीत खादाडखाऊ 100 टक्के बरोबर.

तिरफळ
खिम्याशिवाय करून देतात, सांगावं लागतं. चीनमधल्या बौद्ध मठांत कांदा-लसणाशिवायचा शाकाहारी स्वयंपाक शेकडो वर्षं चालतोय, तेव्हा पदार्थ नाहीत असं नाही, मागणारे नाहीत. आपले लोक मेनू न उघडताच "हक्का नूडल्स आणि व्हेज मंचुरियन ड्राय" म्हणतात, मग किचन तरी कशाला मेहनत घेईल?

खादाडखाऊ
म्हणजे दोष परत गिऱ्हाइकाचाच! अहो मेनूत पदार्थाचं नाव आणि समोर किंमत, बाकी अक्षर नाही, आणि वेटर सुचवतो ते नेमकं सगळ्यात महाग. एवढे पैसे घेता तर हार गाव काय असतं ते दोन ओळीत सांगा की, मी कशाला अभ्यास करून जायचं?

कुलाबकर
हा मुद्दा बरोबर आहे. पण पुढच्या वेळी दुपारी जा, बऱ्याच ठिकाणी डिमसमचं (हार गावसारख्या छोट्या पदार्थांचं) फिक्स लंच असतं, रात्रीच्या मानाने बरंच स्वस्त. आणि चहा सांगितलाच तर किटलीचं झाकण तिरकं करून ठेवा, म्हणजे पाणी भरून आणा अशी खूण. चांगल्या जागी न बोलता भरून आणतात.

बिलबघ्या
आणि भरून आणल्याचे वेगळे पैसे आहेत का ते झाकण तिरकं करायच्या आधी विचारा 🙏