घरातलं नेट कधी जातं, कशानं जातं: खान्देशातले अनुभव

भुसावळ

मी घरून काम करते. ध्वनिमुद्रणं ऐकायची, मजकूर टाइप करायचा आणि पाठवायचा. नेट दोन मिनिटं जरी गेलं तरी मोठी फाइल पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागते. मागच्या मे महिन्यात रोज दुपारी एकच्या सुमारास नेट जायचं आणि पाचनंतर आपोआप यायचं. तक्रार केली की माणूस संध्याकाळी सहाला येणार. तेव्हा सगळं सुरळीत. "ताई, चालू तर आहे," म्हणून तो परत जायचा.

शेवटी मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर वेळा लिहायला लागले. किती वाजता गेलं, किती वाजता आलं, तेव्हा घरात काय चालू होतं. आठ दिवसांत उलगडा झाला. मधले दोन दिवस आभाळ होतं आणि त्या दोन दिवशी नेट गेलंच नव्हतं. आमचा राउटर, म्हणजे घरभर नेट वाटणारा डबा, वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटाच्या डोक्यावर होता, स्लॅबपासून जेमतेम हातभर खाली. भुसावळचा मे म्हणजे बाहेर ४५ अंश, आणि तापलेल्या स्लॅबखाली त्याहून जास्त. डब्यासोबतच्या कागदावर वापराचं तापमान ० ते ४० अंश छापलेलं होतं. दुपारी हात लावून पाहिला तर चटका बसला. राउटर खाली मधल्या खोलीत लाकडी स्टुलावर आणला, त्या दिवसापासून दुपारचं जाणं थांबलं.

तेव्हापासून मला मनापासून वाटतं, की "नेट जातं" ही एक तक्रार नाही. घरापर्यंत येणारी तार, डबा, डब्याला मिळणारी वीज, आणि डब्यापासून फोनपर्यंतची हवा, यांपैकी कुठेतरी तुटतं. कुठे तुटतं ते बहुतेक वेळा वेळेवरून कळतं. ती वेळ आपल्याशिवाय कुणीच लिहून ठेवत नाही.

वेळेच्या जोडीला एक तपासणी करा. लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्याच राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहा (पत्ता डब्याच्या खाली छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला. पहिल्या खिडकीतले आकडे दोन-चार मिलिसेकंदांवरून शेकड्यांत उडाले तर गडबड घरातल्या हवेत. पहिली शांत आणि दुसरी अडकली तर बाहेर.

आपापले अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको. घर कसं आहे, डबा कुठे आहे, नेट किती वाजता जातं आणि शेवटी काय सापडलं, एवढं हवं. सापडलं नसेल तरी लिहा.

पारोळा

आमच्याकडे वेळेऐवजी महिने लिहावे लागले. आईवडिलांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ. राउटर आईकडे, खिडकीपासून जवळ. माझ्या ओसरीवर नेट उत्तम चालायचं. पण गुढीपाडवा झाला की बिघडायचं आणि पहिला पाऊस पडला की सुधारायचं. सलग तीन वर्षं. आई म्हणायची, "ऊन लागस त्याले." मलाही तेच खरं वाटायचं.

खरं कारण खिडकीत बसवलेला कूलर होता. पाडव्याला तो माळ्यावरून खाली यायचा, मृगात परत वर जायचा. पत्र्याची पेटी, आत टाकीभर पाणी आणि तीन बाजूंना भिजलेलं गवत. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. नेटची एकुलती वाट आम्ही स्वतःच दर उन्हाळ्यात बुजवत होतो. आता बोळावरून पाइपातून लॅनची (दोन डबे जोडणारी) केबल ओढली आणि माझ्याकडे वेगळा डबा बसवला.

धुळे, गल्ली नंबर चार

गल्लीत घराला घर लागून. मी अभियांत्रिकीला आहे, रात्री साडेनऊ ते साडेअकरा नेट रांगायचं. पहाटे पाचला अगदी सुरेख. फोनवर वायफाय तपासायचं अॅप घेतलं तर माझ्या खोलीत २३ जाळी दिसली आणि त्यातली निम्मी चॅनल ६ वर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल, म्हणजे लहरींच्या वाटा, १३ असल्या तरी एकमेकांना न घासणारे तीनच: १, ६ आणि ११. मी ११ वर गेलो, चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. रुंदी कमी केल्यावर वेग वाढला हे मित्रांना पटत नाही. पण जत्रेत हात पसरून चालणारा जास्त अडखळतो, तसंच हे.

माझा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर वेगळ्या नावानं जोडला. त्या लहरींना भिंत फारशी भेदता येत नाही. दाट वस्तीत हाच त्यांचा गुण, कारण शेजाऱ्यांच्याही आपल्याकडे फारशा येत नाहीत.

यावल तालुका

आमचं घर धाब्याचं. आजोबांच्या वेळचं, मातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. उन्हाळ्यात आत गारवा, पण पुढच्या खोलीतला राउटर मधल्या घरातच दम तोडतो. मागच्या खोलीत धान्याच्या लोखंडी कोठ्या ओळीनं, त्यांच्यापलीकडे मुलीची अभ्यासाची जागा.

आधी रिपीटर आणला, म्हणजे राउटरची लहर झेलून पुढे पाठवणारा डबा. तो जिथे लावला तिथेच रेंज कमी, मग तो तरी पुढे काय देणार? शिवाय साधा रिपीटर त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. मग केबल टाकून जुना राउटर आत जोडला. त्यानंतर आठ दिवस घरात नुसता गोंधळ. कधी फोनला नेट, कधी नाही, कधी सगळंच बंद. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि दोघेही येणाऱ्या फोनला नंबर वाटत होते. एका घरात दोन कारभारी. पुतण्यानं येऊन तीन गोष्टी केल्या: आतल्या डब्याचं डीएचसीपी (नंबर वाटणं) बंद, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२, आणि केबल वॅनच्या (बाहेरून नेट घेण्याच्या) भोकातून काढून लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात. दहा मिनिटांचं काम. जुना राउटर फेकून देऊ नका, एवढंच सांगेन.

अमळनेर

आखाजीला तिन्ही नणंदा माहेरी, त्यांची मुलं, जावई. झोके बांधलेले, घर भरलेलं. आणि दुसऱ्या दिवशीपासून वायफाय कुणाला घेतं, कुणाला घेत नाही. माझे मोठे दीर कंपनीच्या माणसाला फोनवर बोलबोल बोलले. मी राउटरच्या पानावर जाऊन पाहिलं तर १९ फोन, एक टीव्ही. कंपनीनं फुकट दिलेला छोटा डबा तो, एवढ्यांना पुरणार कसा? त्यातले सहा फोन रात्रभर फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत होते. चढता वेग भरला की उतरणारंही अडतं, हे मला तेव्हा कळलं. आपोआप चढवणं बंद करायला सांगितलं, अर्ध्याहून जास्त त्रास तिथेच संपला.

रावेर

आम्ही मळ्यात राहतो. गावातल्या घरी फायबर आहे, मळा तिथून साधारण एक किलोमीटर. गावातल्या गच्चीवर एक डिश आणि मळ्यातल्या घराच्या पत्र्यावर दुसरी, हवेतून नेट नेणारी ५ गिगाहर्ट्झची जोडी. ठिबकची मोटर, कॅमेरे, मुलांचा अभ्यास, सगळं त्यावर. बसवली तेव्हा मधली जमीन मोकळी होती आणि नेट गावाइतकंच चालायचं.

जूनमध्ये शेजारच्या आबांनी केळीची मृगबाग लावली. दिवाळीपर्यंत काही जाणवलं नाही. जानेवारीत नेट अडखळायला लागलं, तेही दुपारी वारा सुटला की जास्त. रात्री वारा पडला की ठीक. मी डिश दोनदा हलवली, डबा बदलला, पैसे घातले. पत्र्यावर उभं राहिलं की गावातली गच्ची समोर स्पष्ट दिसते, म्हणून केळीवर संशयच गेला नाही.

बसवणारा मुलगा शिकलेला निघाला. तो म्हणाला, "काका, नजर पोचली म्हणजे लहर पोचली असं नाही." दोन डिशच्या मध्ये लहर दोरीसारखी सरळ जात नाही. मध्ये फुगलेली आणि टोकांना निमुळती अशी जागा तिला लागते. एक किलोमीटरला मधोमध ही जागा साडेतीन मीटरच्या आसपास त्रिज्येची असते, आणि त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी. आमची डिश बारा फुटांवर, आणि घराजवळच्या केळीची पानंही तेवढ्याच उंचीला आलेली. केळीचं पान म्हणजे पाणीच. वाऱ्यानं ते हललं की आकडे वरखाली.

आता दहा फुटांचा जीआय पाइप वाढवला आहे, तिन्ही बाजूंनी ताण देऊन. ताण महत्त्वाचा, कारण आमच्याकडे मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते, तिथे डिशची काय कथा. वादळानंतर नेट कमी झालं तर आधी डिशचं तोंड पाहा. दोन अंश वळली तरी फरक पडतो. आबांची बाग कापून झाल्यावर मी जुन्या उंचीवर पुन्हा मोजून पाहिलं. नेट पहिल्यासारखं होतं.

भुसावळ

रावेरचे काका, बागेच्या वाढीबरोबर नेट उतरत गेलं, हे मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवलं. आमच्या गच्चीवरून असा दुवा नाही, पण माहेरी मळ्यात आहे. त्यांना आजच कळवते.

चोपडा

डब्यावरचे दिवे सगळे विझून पुन्हा लागतात, की दिवे जळत असताना नेट जातं? हे आधी पाहा. आमचे दिवे विझायचे, म्हणजे दोष विजेचा. अॅडॉप्टर १२ व्होल्ट १ अँपियरचा, मीटरवर मोजला तर जेमतेम साडेदहा. उघडला तर आतला कपॅसिटर फुगलेला. नवा घेताना व्होल्ट तोच हवा, अँपियर तेवढा किंवा जास्त चालतो. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा लावून एका शेजाऱ्यानं राउटर जाळला आहे.

लाईट जाण्यावर छोटा यूपीएस घेतला. डबा आठ-दहा वॅटच खातो, चार तास सहज चालतो. पण लाईट गेल्यावर डबा चालू आणि नेट मात्र बंद! आमच्या गल्लीची जोडणी ज्या घराच्या भिंतीवरच्या पेटीतून होते, त्या पेटीतल्या स्विचलाही वीज लागते, आणि तिथे बॅटरी नव्हती. अकरा घरांनी मिळून वर्गणी काढली आणि केबलवाल्याला बॅटरी घेऊन दिली. यूपीएस घेण्याआधी तुमच्या लाइनवर अशी पेटी आहे का, एवढं विचारून घ्या.

जळगाव

माझं थोडक्यात. व्हॉट्सअॅप चालायचं, पण कोणतंही संकेतस्थळ उघडायचं नाही. डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकला, तेव्हापासून तक्रार नाही.

एरंडोल

ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डब्यावर, लॉसचा (LOS) लाल दिवा लागला म्हणजे घरापर्यंत प्रकाशच येत नाही. तिथे राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ माणूस बोलवा. आमचा मात्र कायम लाल नव्हता. दिवसातून आठ-दहा वेळा क्षणभर लाल, पुन्हा हिरवा. राउटरच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा असतो, तो उणे २९ होता. साधारण उणे २७ पर्यंत डबा निभावतो. कपाट भिंतीला सरकवताना पिवळी तार मागे चेपली होती, काटकोनात. फायबर काचेची, कडक वळणात प्रकाश बाहेर गळतो. कपाट पुढे ओढून तार मोठ्या वळणात सोडली, आकडा उणे २१ वर आला. तार ओढू नका, टोकाला बोट लावू नका, एवढी विनंती.

धडगाव

इथे फायबर नाही. सिमवर चालणारा राउटर, शाळेतली माहिती भरायला. मी शिक्षक आहे. पहिलं वर्ष तो टेबलावर ठेवला आणि नशिबाला बोल लावला. मग एका रविवारी प्रत्येक खिडकीत पाच-पाच मिनिटं ठेवून सिग्नलचा आकडा कागदावर लिहिला. टेबलावर उणे ११८, माळ्यावरच्या खिडकीत उणे १०३. शून्याकडे जितकं जवळ तितकं चांगलं. डोंगराच्या खिंडीतून टॉवर फक्त त्याच खिडकीला दिसतो. तिथे ठेवून खाली केबल आणली.

होळीच्या आठवड्यात मात्र इलाज नाही. कामाला बाहेर गेलेली माणसं घरी येतात, टॉवर तोच, वाटेकरी कितीतरी. गावाला माणसं परतलेली पाहून मला बरंच वाटतं. त्या आठवड्यात मी माहिती पहाटे चारला भरतो.

शिरपूर

दोन घरांमध्ये लॅनची केबल उघड्यावरून टाकणाऱ्यांसाठी. पारोळ्याचे भाऊ, हे तुमच्यासाठीही. मागच्या ऑगस्टमध्ये जवळ वीज पडली. थेट आमच्यावर नाही, तरी दोन्ही टोकांचे राउटर आणि टीव्हीचं भोक जळालं. तांब्याच्या तारेतून धक्का दोन्हीकडे धावला. आता मध्ये फायबर टाकली आहे, दोन टोकांना कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनची केबल जोडणारे डबे. काचेतून वीज जात नाही.

पारोळा

शिरपूरचे दादा, आजच ती केबल काढून ठेवली. फायबर कन्व्हर्टरसकट कितीला पडली, आणि बोळावरून नेताना पाइप लागतो का? पंचवीस फूट अंतर आहे.

चाळीसगाव

माझं अजून सापडलेलं नाही. राउटर गार जागी, दिवे हिरवे, अॅडॉप्टर नवा, पहिली पिंग शांत. दुसरी रोज रात्री पावणेआठला अडकते आणि सव्वाआठला सुटते. एकवीस दिवसांच्या वेळा लिहिल्या आहेत. त्या कागदाचा फोटो जोडून तक्रार केली आणि तक्रार क्रमांक जपून ठेवला. उद्या पावणेआठलाच या, असं सांगितलंय.