‘समजले नाही तरी वर्गात विचारू नका’: रावपुऱ्याच्या काकांना उत्तर

वेगमान, मांजलपूर

परवा ‘रावपुऱ्याचे काका’ यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलांसाठी दहा सूचना लिहिल्या आणि आपल्या बडोदेकर मराठी मंडळींनी त्या डोळे मिटून घरोघरी पाठवल्या. ज्यांच्या वाचनात त्या आल्या नसतील त्यांच्यासाठी सार सांगते: पहिल्या बाकावर बसा, एकही तास चुकवू नका, कॅन्टीनकडे आणि लाऱ्यांकडे, म्हणजे खाण्याच्या हातगाड्यांकडे, फिरकू नका, नवरात्रीत गरब्याला जाऊ नका, मैत्री तिसऱ्या वर्षी करा, आणि नववी सूचना, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले आहे, ती अशी की ‘समजले नाही तरी वर्गात विचारू नका, लिहून घ्या आणि घरी पाठ करा’.

मी १९९३ साली गुजराती माध्यमातून बारावी होऊन विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आले. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि कॉलेजात एकदम इंग्रजी, ही आमच्यासारख्या घरांची ठरलेली वाट. दुसऱ्या की तिसऱ्या तासाला सरांच्या तोंडी ‘मोमेंटम’ हा शब्द आला. ‘मोमेंट’ म्हणजे क्षण एवढे मला येत होते, म्हणून मी वहीच्या समासात ‘क्षणाविषयी काहीतरी’ असे लिहिले आणि पुढचा अर्धा तास त्या क्षणाची वाट पाहत बसले. विचारले नाही, कारण पुढच्या बाकावरच्या इंग्रजी शाळेतल्या मुली माना डोलावत होत्या. घरी आजोबांना विचारले, तर त्यांनी ‘संवेग असेल’ असे सांगितले, आणि एकाच्या जागी दोन न कळणारे शब्द माझ्या गाठीला जमले. सहा आठवडे मी पाठ करत राहिले. मग एका संध्याकाळी शेव-उसळीच्या लारीवर, पावाचा तुकडा रश्शात बुडवता बुडवता, एक मैत्रीण सहज म्हणाली, ‘अरे, आ तो आपणुं वेगमान!’ वेगमान मला अकरावीपासून येत होते. त्याची गणिते मी झोपेत सोडवली असती.

काकांचे ऐकले असते तर मी लारीवर गेले नसते आणि ती मैत्रीण मला तिसऱ्या वर्षी मिळाली असती. पहिल्या वर्षात शिकायचे ते हेच, की आपल्याला नेमके काय कळले नाही ते दुसऱ्याला सांगता आले पाहिजे. वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर दाराशी, तेही जमत नसेल तर शेजारच्या मुलीला. त्या संध्याकाळनंतर मी एका वहीच्या मधोमध रेघ मारून डाव्या बाजूला गुजराती आणि उजव्या बाजूला इंग्रजी शब्द लिहू लागले. ती वही दिवाळीपर्यंत भरली.

रावपुऱ्याचे काका

ताई, गोष्ट आपण उत्तम रंगवली आहे, परंतु एका मोमेंटमवरून दहा सूचना मोडीत काढणे हा न्याय नव्हे. मी ३१ वर्षे एका कचेरीत परीक्षेच्या अर्जांच्या खिडकीमागे बसलो आहे. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. खिडकीपलीकडे रडणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतले एकही मोमेंटम न कळल्यामुळे रडत नव्हते. ती रडत होती ती सूचनाफलक न वाचल्यामुळे, मुदत टळल्यामुळे आणि हजेरी कमी भरल्यामुळे.

हिशेब करून पाहा. सत्र १५ आठवड्यांचे, ४ क्रेडिटच्या, म्हणजे श्रेयांकांच्या, विषयाचे आठवड्याला ४ तास, म्हणजे एकूण ६०. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी मागतात, म्हणजे ४५ तास भरलेच पाहिजेत. उरलेले १५ तास मुलांना फार वाटतात. पण नवरात्रीच्या नऊ रात्रींनंतरच्या नऊ सकाळी, गणपतीचे दोन दिवस आणि तापाचे चार दिवस धरले की १५ संपले.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या मराठी घरांतल्या किती मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे गुरुजींनी प्रेमाने ‘भाई’ जोडलेले असते, हे मोजायला कोणी बसले तर थक्क होईल. दाखल्यावर भाई, आधारवर भाई नाही, बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि प्रवेश अर्जात आडनाव शेवटी! अशा एका मुलाला हे तिसऱ्या वर्षी, नोकरीचे पत्र हातात असताना समजले, आणि कागद दुरुस्त होईपर्यंत कंपनीने जागा दुसऱ्याला दिली. म्हणून मी सांगतो की पहिल्या वर्षी शिस्त, बाकीचे नंतर. ‘विचारू नका’ याचा अर्थ शिकवण्याच्या ओघात अडथळा आणू नका असा होता. तो अर्थ ज्यांना काढायचा नाही त्यांना मी काय सांगणार?

एफ.वाय. नुकतेच संपवलेला, अकोटा

काकांच्या गणितात एक चूक आहे. आठवड्याला एका विषयाचे चारच तास असतील, तर नवरात्रीच्या नऊ सकाळींत त्या विषयाचे फार तर सहा तास पडतात. गरब्याला अजून वाव आहे.

नावाचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे आणि तो दहा सूचनांत पहिला असायला हवा होता, कारण आता सगळे क्रेडिट एका ओळखक्रमांकाखाली जमा होतात आणि नावात अक्षर इकडचे तिकडे झाले तरी खाते जुळत नाही. आमची तुकडी २०२४ ची. जीकॅस या राज्याच्या सामाईक संकेतस्थळावरून प्रवेश घेणारी ती पहिलीच. आपण दोघेही जे कॉलेज वर्णन करता ते तीन वर्षांचे सरळ कॉलेज आता राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट आहेत. पहिल्या वर्षाअखेर ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केला तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. ‘मायनर’ म्हणून, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम म्हणून, कोणता विषय घ्यायचा हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी मित्र काय घेतो ते पाहून ठरवले, कारण कोणाला विचारायचे हेच ठाऊक नव्हते.

आणि मैत्री तिसऱ्या वर्षी करा म्हणता? त्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होते. वह्या मी शहाणपणा करून पलंगावर ठेवल्या होत्या आणि पलंगच तरंगून कलंडला. जेल पेनाची शाई अशी पसरली होती की प्रत्येक पानावर निळे ढग उरले होते. कॅन्टीनमध्ये दोन महिन्यांपूर्वी ओळख झालेल्या चौघांनी आपापल्या वह्यांचे फोटो पाठवले, आणि एकीने अकाउंट्सची अख्खी वही हाताने लिहून आणून दिली.

गंमत म्हणून

१९१६ साली बडोदा कॉलेजचा एक विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून थेट काशीला गेला. त्याचे नाव विनोबा भावे. हजेरी त्यांनाही जमली नव्हती, काका.

रावपुऱ्याचे काका

विनोबांनी आपली प्रमाणपत्रेही जाळली होती. आपल्या मुलाने तसे केले तर आपण येथे येऊन अशीच गंमत करणार का?

कलाभवनप्रेमी, दांडिया बाजार

लारी आणि हजेरी यांवर एवढे रण माजले आहे, पण ताईंच्या गोष्टीतले खरे दुखणे कोणीच उच्चारत नाही. ताईंना विषय येत होता, फक्त तो ज्या भाषेत येत होता त्या भाषेला वर्गात प्रवेश नव्हता. हा दोष ताईंच्या भिडस्तपणाचा नव्हे आणि काकांच्या नवव्या सूचनेचाही नव्हे. याच गावात १८९० साली कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था निघाली, तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून द्यावे आणि त्यासाठी ग्रंथ तयार करावेत असा आग्रह धरला आणि सयाजीरावांनी त्यांना पाठबळ दिले. पुढे १९०६ पासून सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्याच राजाच्या नावाचे विद्यापीठ १९४९ साली उभे राहिले ते इंग्रजी माध्यमाचे. गुजरातेत इतर बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याला गुजरातीतून उत्तरे लिहिता येतात. येथे शिकायचे तर इंग्रजीतूनच. माझा मुलगा गुजराती शाळेत पहिला येत असे. पहिल्या सत्रानंतर त्याने ‘मला काही येत नाही’ असे सांगून पुस्तके बांधून ठेवली आणि आणंदला जाऊन गुजरातीतून पदवी घेतली. वर्गात विचारा म्हणणे सोपे आहे. कोणत्या भाषेत विचारायचे ते आधी सांगा.

मूळचा पुणेकर, गोत्री

कलाभवनप्रेमींना इतिहास ठाऊक आहे, वर्तमान नाही. देशी भाषा म्हणजे नेमकी कोणती? मुलाची मातृभाषा मराठी, शाळा गुजराती. म्हणजे मातृभाषेचा त्याग आपण बालवाडीतच केला आणि आता इंग्रजीच्या नावाने गळा काढता. इंग्रजी नसती तर १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबियाला कोणत्या भाषेत शिकले असते? शिवाय स्पष्टच बोलायचे तर खिडकीला ‘बारी’ आणि भाजीला ‘शाक’ म्हणणाऱ्यांनी मराठीचा कैवार घ्यावा, हे जरा विनोदी वाटते.

वेगमान, मांजलपूर

वा! म्हणजे भाषा शुद्ध ठेवायची असेल तर पुण्यातच जन्म घ्यायला हवा होता, आमची चूक झाली. माझी आजी आयुष्यभर बारीत बसून शाक निवडत असे आणि तितक्याच सहजपणे ज्ञानेश्वरीतल्या ओव्या म्हणत असे. तिच्या मराठीची परीक्षा आपण घेऊ नये, ही नम्र विनंती नाही, ताकीद आहे.

कलाभवनप्रेमी, आपल्या मुलाचे वाचून वाईट वाटले. तरीही सांगते की जून महिन्यात वर्गात येणाऱ्या मुलीला माध्यम बदलेपर्यंत थांबता येत नाही. तिच्यासमोर सोमवारी सकाळी आठचा तास असतो. कोणत्या भाषेत विचारायचे, तर मोडक्या इंग्रजीत, आणि अडेल तेथे गुजरातीत. मी दुसऱ्या सत्रात एकदा उभी राहून अर्धा प्रश्न इंग्रजीत आणि अर्धा गुजरातीत विचारला. वर्ग हसला, हे खरे आहे. पण सरांनी उत्तरही तसेच अर्धे-अर्धे दिले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच हसणाऱ्यांपैकी तिघांनी तसेच प्रश्न विचारले.

कलाभवनप्रेमी, दांडिया बाजार

आपल्याला तसे सर मिळाले म्हणून. माझ्या मुलाला जे मिळाले त्यांनी ‘आधी भाषा शिकून ये’ असे सांगून त्याला खाली बसवले होते. सर्वांच्या वाट्याला आपले नशीब येईल असे गृहीत धरून सल्ला देऊ नये. आपली दोन रकान्यांची वही मात्र चांगली आहे, एवढे मान्य करतो. ती कॉलेजने पहिल्या दिवशी छापून दिली पाहिजे, मुलीने दिवाळीपर्यंत एकटीने लिहीत बसू नये.

नंदुरबारहून आलेला

पुणेकर साहेबांनी बाबासाहेबांचे नाव घेतले आहे तर ती गोष्ट पूर्ण करावी. शिकून १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीसाठी परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून बाहेर काढल्यावर ते कमाटी बागेत जाऊन बसले होते. मी पहिल्या वर्षासाठी येथे खोली शोधत होतो, तेव्हा चार घरांत भाडे सांगण्याच्या आधी आडनाव विचारले गेले. तिसऱ्या घरच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला होता. आडनाव ऐकल्यावर तो परत ट्रेमध्ये ठेवला आणि ‘खोली भाच्यासाठी ठेवली आहे’ असे सांगितले. दहा सूचनांत बाकाचा क्रमांक आहे, खोलीविषयी एक अक्षर नाही, कारण लिहिणाऱ्यांची घरे येथेच आहेत. बाहेरगावच्या मुलांनी खोली पाहायला एकट्याने जाऊ नये, अनामत रकमेची पावती घ्यावी आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरावा. माध्यमाचे आपण सावकाश ठरवा.

मूळचा पुणेकर, गोत्री

पेल्याची गोष्ट वाचून गप्प बसलो आहे. शाकविषयीचे वाक्य मागे घेतो. इंग्रजीविषयीचे घेत नाही.

रावपुऱ्याचे काका

चर्चा कोठून कोठे गेली हे मी पाहतो आहे. नवव्या सूचनेतील ‘वर्गात’ या शब्दाच्या जागी ‘तास चालू असताना मध्येच’ असे वाचावे. ताईंना ही माघार वाटत असेल तर त्यांनी तसे मानून आनंदी व्हावे. खोलीविषयी लिहायचे राहिले, ही माझी चूक. सहा तासांचा हिशेबही तपासला. मुलाचे बरोबर आहे. गरब्याची सूचना मात्र कायम ठेवतो, कारण रात्री दोनला घरी येणारा मुलगा आठच्या तासाला हजर असला तरी जागा असत नाही.

एफ.वाय. नुकतेच संपवलेला, अकोटा

काका, एक विचारायचे राहिले. माझ्याही दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘भाई’ आहे आणि आधारवर नाही. परवा आपले वाचले तेव्हा पहिल्यांदा काढून पाहिले. आधी कोठे जायचे?

रावपुऱ्याचे काका

आधी शाळेत. मूळ दाखला, त्याच्या दोन झेरॉक्स, आधार आणि वडिलांचा स्वतःचा शाळेचा दाखला असेल तर तोही घे. सकाळी अकराच्या आत जा, आणि तेथील कारकून ‘नंतर या’ म्हणाला तर कधी, ते त्याच्याकडून तारखेसह लिहून घे.