'निवाड्याची तारीख' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न : भूसंपादनाच्या कागदपत्रांत 'निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे' हे शब्द वारंवार येतात. निवाडा म्हणजे अधिकाऱ्याने मोबदला ठरवून दिलेला निर्णय, एवढे समजते. परंतु त्याची तारीख म्हणजे सही झाली तो दिवस, की जमीनमालकाला तो कळला तो दिवस? आणि बोलताना या मुदतीला 'दीड महिना' म्हटलेले चालेल का?

उत्तर : दुसऱ्या शंकेचे आधी सांगतो. चालणार नाही. सहा आठवड्यांचे दिवस ४२ होतात, दीड महिन्याचे सरासरीने ४५, आणि या तीन दिवसांच्या सैल भाषेपायी वाढीव मोबदल्याचा अर्ज मुदतबाह्य ठरू शकतो. (अशा अर्जाला 'कालबाह्य' म्हणू नये, कालबाह्य होतात त्या रूढी आणि यंत्रे.)

आता मूळ प्रश्न. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ नुसार, निवाड्याच्या वेळी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर असलेल्या मालकाला त्या तारखेपासून सहा आठवडे मिळत. गैरहजर असणाऱ्याला निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्याच्या तारखेपासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती लागू होई. पुष्कळ लोक यातले 'सहा महिने' तेवढे लक्षात ठेवतात आणि 'आधी संपेल' हे शब्द विसरतात.

उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात निवाड्यावर २५ मार्च १९५१ रोजी सही झाली, नोटीस मात्र दिली गेली नाही. मालकाला तो १३ जानेवारी १९५३ च्या सुमारास कळला आणि त्याने २४ फेब्रुवारीला अर्ज केला. शब्दशः मोजले तर मुदत केव्हाच सरली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा अर्ज मुदतीत धरला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर (मूळचे साताऱ्याचे) यांची मांडणी अशी, की निवाडा हा सरकारच्या वतीने मालकापुढे ठेवलेला देकार (मान्य करण्यासाठी मांडलेला प्रस्ताव) असतो, आणि देकार ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय किंवा पोहोचला असे मानण्याजोगी परिस्थिती असल्याशिवाय तो पुरा होत नाही. म्हणून येथे 'निवाड्याची तारीख' म्हणजे तो मालकाला कळवला गेला किंवा कळला ती तारीख. माझ्या मते 'निवाडा' या मराठी शब्दाने ही गोष्ट थोडी झाकली जाते, कारण निवडून संपवलेला वाद असा त्याचा ध्वनी आहे, आणि देकार तर नाकारता येतो.

दुसरे उत्तर : वरील अर्थ सर्वत्र लावू नये, एवढे जोडावेसे वाटते. १९८४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २८-अ मध्येही निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, परंतु तेथील निवाडा न्यायालयाचा असतो. शेजारच्या मालकाने न्यायालयात जाऊन मोबदला वाढवून घेतला, तर त्याच अधिसूचनेखाली जमीन गेलेल्या पण स्वतः न्यायालयात न गेलेल्या मालकाला त्या आधारे फेरनिश्चिती मागता येते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले, की येथे मुदत निवाड्याच्या प्रत्यक्ष दिवसापासूनच धावते, अर्जदाराला तो कळला त्या दिवसापासून नाही. निवाड्याची नक्कल मिळवण्यासाठी लागलेला वेळ तेवढा वजा होतो. असा अर्जदार त्या दाव्यात पक्षकारच नसल्याने त्याला कळवण्याचे बंधन कोणावर नसते. शब्द तेच, अर्थ उलट!

प्रश्नकर्ता : २०१३ च्या कायद्यात हे शब्द बदलले का?

पहिले उत्तर देणारे : नाही. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या त्या कायद्याच्या कलम ६४ मध्ये सहा आठवडे आणि सहा महिने तसेच आहेत. फरक विलंबमाफीत आहे. जुन्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्याला उशीर माफ करण्याचा अधिकार नव्हता. आता पुरेसे कारण दाखवल्यास मुदतीनंतर आणखी एक वर्षापर्यंत तो अर्ज घेऊ शकतो. जुन्या कलम २८-अ ची जागा कलम ७३ ने घेतली असून तीन महिने तेथेही कायम आहेत.