मदत हवी आहे: स्कूबासाठी बीसीडी (सिलिंडर अडकवायची, हवा भरून तरंगायची बंडी) – जॅकेट घेऊ की बॅक-इन्फ्लेट?

नमस्कार मंडळी,

इथे ट्रेक आणि सायकलवर ढिगाने धागे आहेत, पाण्याखालचे फारसे दिसत नाहीत. पण पुण्यातून नेत्राणीला (मुरुडेश्वरजवळचं बेट), अंदमानात हॅवलॉकला जाणारे बरेच जण आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते.

ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) झालं आहे. दिवाळीनंतर नेत्राणी आणि जमलं तर फेब्रुवारीत अंदमान असा बेत आहे. सध्या पावसाळ्यामुळे समुद्र बंद, त्यामुळे सगळी हौस कॅटलॉग चाळण्यात चालली आहे. मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचे आहेत. आता बीसीडी घ्यायची म्हणते.

खरी अडचण मापाची. उंची पाच फूट, अंगाने बारीक. भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा मीडियम, नशीब असेल तर स्मॉल, आणि तीही पुरुषी बांध्याची. पट्टे पूर्ण ओढले तरी वर आल्यावर हवा भरली की जॅकेट कानापर्यंत चढतं आणि मी आत लोंबकळत राहते. खाली सिलिंडर एका बाजूला कलंडतो, त्याच्यामागून मीही. इन्स्ट्रक्टर म्हणतात, सरावाने बॉयन्सी (तरंगण्यावरचा ताबा) सुधारेल. सुधारेल हो, पण सैल जॅकेटात सराव तरी कसला करायचा?

जॅकेट प्रकारात हवा दोन्ही कुशींतही भरते, त्यामुळे वर सरळ उभं तरंगता येतं. बॅक-इन्फ्लेटमध्ये सगळी हवा पाठीशी, म्हणून पाण्याखाली आडवं राहणं सोपं, पण वर आल्यावर तोंड पुढे ढकललं जातं, इतपत वाचून कळलं. नेत्राणीला लाटांवर हेलकावत बोटीची वाट बघायची असते, तेव्हा हे कितपत त्रासाचं होतं? शिवाय लहान मापांवर लिफ्टचा (बीसीडी किती वजन उचलून धरते त्याचा) आकडा कमी दिसतो, तो पुरेल का? आणि देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन, म्हणून हलक्या ट्रॅव्हल बीसीडीचा मोह होतोय. बजेट ४० हजारांपर्यंत.

– मत्स्यगंधा_पुणे

खारा_वारा:
लिफ्टची काळजी सोडा. हिशोब सोपा आहे. आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर. २०० बारला भरला की आतल्या हवेचंच वजन अडीच-पावणेतीन किलो. डाइव्हच्या शेवटी हलकं वाटू नये म्हणून सुरुवातीला आपण तेवढे जड असतो. त्यात ३ मिमी वेटसूट खोलीवर दबून जी तरंगण्याची ताकद गमावतो ती धरा, १-२ किलो. म्हणजे बीसीडीने पाण्याखाली उचलायचं ते पाचेक किलोच. बाकीची लिफ्ट वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर राहावं म्हणून. गरम पाण्यात, एका सिलिंडरला, ११-१२ किलो लिफ्ट भरपूर झाली. लेबलवर न्यूटन लिहिलेले असतील तर दहाने भागा: १२० न्यूटन म्हणजे साधारण १२ किलो.

तोंड पुढे ढकललं जातं हे खरं, पण त्याला बहुतेक वेळा माणूस कारणीभूत असतो. वर आल्याबरोबर इन्फ्लेटरचं (हवा भरायच्या नळीचं) बटण दाबून फुगा टम्म करतात. हनुवटी पाण्याबाहेर येईल इतकीच हवा भरा, किंचित मागे रेला, झालं. शिवाय थोडे वेट्स (खाली जाण्यासाठी लावायची शिशाची वजनं) सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या मागच्या खिशांत टाकले की तोल बराच सुधारतो. मी तुमच्या जागी असतो तर बॅक-इन्फ्लेटच घेतली असती.

डेक्कनचा_मासा:
वाऱ्याशी अर्धाच सहमत. प्रकार दुय्यम आहे हो, माप आधी. अंगाला बसणारं साधं जॅकेट हे ढगळ, महागड्या बॅक-इन्फ्लेटपेक्षा केव्हाही बरं. ऑनलाइन तक्ता बघून मागवू नका. दुकानात वेटसूट घालून जा, बीसीडीला सिलिंडर लावायला सांगा, पट्टे आवळा आणि पूर्ण फुगवा. श्वास कोंडला तर लहान. पट्टे ओढायला जागाच उरली नाही तर मोठी. मग कोणाला तरी सिलिंडर वर उचलायला सांगा, खांद्यांवरून चार बोटं वर सरकला तर ती तिथेच ठेवून या.

निळाई:
मत्स्यगंधा ताई, बायकांच्या बांध्याची म्हणून वेगळी बीसीडी मिळते, तीच बघा. नुसता रंग बदललेला नसतो. पाठीची लांबी कमी असते आणि खांद्याचे पट्टे छातीच्या बाहेरून वळवलेले असतात. माझीही उंची तुमच्याएवढीच. कान झाकणारं जॅकेट हा प्रश्न त्याने सुटला. तरीही वर चढत असेल तर दोन पायांमधून जाणारा पट्टा लावून घ्या. दिसायला विचित्र, पण काम चोख.

वेट्सचे खिसे बीसीडीतच असलेली घ्या. बारीक माणसाच्या कमरेच्या हाडांवर वेट बेल्ट फार टोचतो. फक्त बोटीवर मिळणारे शिशाचे ठोकळे त्या खिशांत बसतात का ते बघा.

ट्रॅव्हल मॉडेल सव्वादोन-अडीच किलोचं असतं, नेहमीचं साडेतीन-चारचं. फरक दीड किलोचा. त्यासाठी पाठीचा कडक पत्रा आणि मोठे खिसे सोडायचे का, हे तुम्ही ठरवा. तुमचा सिलिंडर आधीच कलंडतो म्हणताय, मी तरी पत्रा सोडणार नाही. सामानात वजन कमी करायचं असेल तर कपडे कमी न्या, अंदमानात कोण बघतंय!

मत्स्यगंधा_पुणे:
सगळ्यांचे आभार. बायकांच्या मापाची, खिसेवाली बॅक-इन्फ्लेट, ट्रॅव्हल नको, इथवर आले. एक ओळखीचे गृहस्थ त्यांच्या पत्नीची वापरलेली द्यायला तयार आहेत, आणि माप जुळतंय! काय बघून घेऊ? आणि समुद्र सुरू होईपर्यंत इथल्या तरण तलावात वापरली तर चालेल ना?

खारा_वारा:
संध्याकाळी टम्म फुगवून ठेवा, सकाळी तेवढीच कडक असायला हवी. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडल्यावर लगेच वर आलं पाहिजे. ते अडकणारं असेल तर दुरुस्त केल्याशिवाय पाण्यात नेऊ नका, आपोआप हवा भरत राहिली तर माणूस सुसाट वर जातो. सगळे डम्प व्हॉल्व (हवा सोडायच्या झडपा) ओढून बघा. आणि त्या कंपनीचे सुटे भाग भारतात मिळतात का, हे आधी विचारा.

तलावात चालेल, पण क्लोरीन कापड आणि शिवण खातं. दर वेळी इन्फ्लेटरच्या तोंडातून आत गोडं पाणी भरा, खळबळवा, खालच्या व्हॉल्वमधून काढा, दोनदा. समुद्रानंतरही तेच, नाहीतर आत मीठ धरतं. थोडी हवा ठेवून सावलीत वाळवा. सोसायटीत टँकर येत असला तरी एका बादलीत भागतं.