एनआयटीत उशिरा मिळालेला प्रवेश: शुल्कमाफी, कर्ज आणि उत्पन्नाचा दाखला यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी उत्तर गोव्यातल्या खाणपट्ट्यात राहतो. धाकट्या बहिणीच्या प्रवेशासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. अडचण पैशांची आहेच, पण त्याहून अधिक ती कागदपत्रे वेळेत हाती न येण्याची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्यांमध्ये बहिणीला मनासारखे काही मिळाले नाही, तेव्हा आम्ही एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेऊन पहिल्या वर्षाचे शुल्क भरून टाकले. सीसॅबच्या, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या विशेष फेरीत नाव घालायचे तेवढे घातले होते, आशा कोणालाच नव्हती. त्या फेरीत तिला कर्नाटकातल्या सुरतकलच्या एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) जागा मिळाली आणि तीही चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलेली असताना. निकाल वाचून दाखवला तेव्हा आई माटोळीला (गणपतीवरच्या फळापानांच्या छताला) आंब्याचे टाळ बांधत होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की अगोदर भरलेले पैसे परत मिळणार का.

वडील पूर्वी खनिज वाहतुकीचा स्वतःचा ट्रक चालवीत. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर तो विकावा लागला आणि आता ते एका विद्यालयाच्या बालरथावर (शाळेच्या बसवर) चालक आहेत. त्यांचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे.

एनआयटीचे शिकवणी शुल्क सत्राला ६२,५०० रुपये आहे. कुटुंबाचे उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास ते पूर्ण माफ होते आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ होते. म्हणजे आमच्या वाट्याला सुमारे २०,८३३ रुपये येतात. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च अर्थात वेगळा. ही माफी मिळवण्यासाठी उत्पन्नाचा ताजा दाखला लागतो आणि आमचे घोडे नेमके तिथेच अडले आहे. वडिलांच्या जुन्या जन्मनोंदीत आडनाव ‘पोरोब’ आहे, तर आधार कार्डावर आणि शिधापत्रिकेवर ‘परब’. गोव्यात ही तफावत घरोघरी आढळते, त्यामुळे आम्ही तिच्याकडे कधी लक्षच दिले नव्हते. आता दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून द्यायचे आहे, आणि मध्येच चवथीच्या सुट्ट्या आल्या. दाखला प्रवेशाच्या दिवसापर्यंत हाती पडेल असे वाटत नाही. अशा वेळी अर्जाची पोच आणि हमीपत्र देऊन तूर्त कमी शुल्क भरता येते का, की आधी पूर्ण शुल्क भरून फरक नंतर पुढच्या सत्रात वळता करून घ्यावा लागतो? शिवाय मी स्वतः वेर्णा येथे नोकरीला आहे आणि एकत्र राहतो. कुटुंबाच्या उत्पन्नात माझा पगार धरला जातो की केवळ आईवडिलांचेच उत्पन्न पाहतात? माझा पगार मिळवला तर आम्ही पाच लाखांची मर्यादा ओलांडतो, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी लहान नाही.

दुसरी अडचण कर्जाची. पहिल्या महाविद्यालयासाठी मंजूर झालेले कर्ज संस्था बदलल्यामुळे चालणार नाही, नवा अर्ज करावा लागेल, असे बँकेच्या शाखेत सांगण्यात आले. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत या एनआयटीतील विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, व्याजात तीन टक्के सवलत आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असल्यास तांत्रिक अभ्यासक्रमासाठी त्या काळातले पूर्ण व्याज सरकार भरते. मात्र तीन टक्क्यांची सवलत इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्यांना मिळत नाही. संस्थेकडून मिळणारी शुल्कमाफी ‘शिष्यवृत्ती’ या सदरात मोडते का, हे मला कोणाकडूनही ठामपणे कळलेले नाही. बँकेतल्या दोन अधिकाऱ्यांनी दोन उत्तरे दिली. पर्वरीच्या गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही आहे. ते कर्ज घेतले तर बँकेचे कर्ज सोडावे लागते का, आणि प्रवेश झाल्यानंतर केलेल्या अर्जावर पहिला हप्ता साधारण किती दिवसांत संस्थेच्या खात्यात जमा होतो, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

पहिल्या महाविद्यालयाविषयी थोडेच. तिथले वर्ग सुरू होण्यापूर्वीच आम्ही प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज देऊन त्यावर आवक शिक्का घेतला आहे. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमानुसार अशा वेळी जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीचे शुल्क परत करायचे असते आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. प्रमाणपत्रे परत मिळाली. पैशांबाबत मात्र ‘पाहू’ एवढेच उत्तर आहे. सुरतकलचा पहिला हप्ता त्याच पैशांतून भरायचा बेत होता, त्यामुळे तक्रार नेमकी कुठे आणि कशी नोंदवावी हेही कळल्यास बरे होईल.

रविवारच्या गाडीची थिवी ते सुरतकल अशी दोन तिकिटे काढून ठेवली आहेत आणि सोमवारी सकाळी तिला कागदपत्रांसह हजर व्हायचे आहे. सर्व प्रश्नांची नसली तरी निदान हमीपत्राविषयी कोणी शनिवारपर्यंत सांगू शकले तर त्याचा मसुदा तयार करून सोबत नेता येईल.