उजनीतल्या माशावर पहिला हक्क कुणाचा?

भीमाकाठ (सोलापूर)
रविवारी चिलापी घ्यायला गेलो होतो. मासे साफ करता करता मावशी बोलत होत्या. माहेर करमाळा तालुक्यातलं, भोयाचं घर. गाव उजनी धरणात गेलं. ज्यांची शेतं गेली त्यांना मोबदला मिळाला, उशिरा का होईना. यांच्या वडिलांकडे होडी आणि जाळी, म्हणजे कागदावर यांचं काही गेलंच नाही. "नदीला कुठं सातबारा असतो ओ," म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

घरी येऊन कायदे चाळले. १८९७ चा मत्स्य कायदा सुरुंग लावून, विष टाकून मासे मारायला बंदी करतो. राज्याचा १९६० चा कायदा मासेमारीवर नियंत्रण ठेवतो. थोडक्यात, माशाला संरक्षण आहे, मासे धरणाऱ्याला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मात्र बाधित कुटुंबाच्या व्याख्येत मच्छीमार आणि नावाडी आले. संपादनाआधी तीन वर्षं पाण्यावर पोट असलं की पुरे, जमीन असो नसो. त्याच कायद्याचं दुसरं परिशिष्ट म्हणतं, पाटबंधारे प्रकल्पात बाधितांना जलाशयात मासेमारीचा हक्क "देता येईल". द्यावा असं नाही, देता येईल! आणि उजनी पुरी झाली १९८० मध्ये, त्यामुळे तेवढाही आधार आपल्याकडे नाही.

माझं म्हणणं : धरणाने ज्यांची नदी घेतली त्यांना त्या पाण्यात मासेमारीचा पहिला हक्क कायद्याने द्यावा, ठेकेदाराला पाणी द्यायचा विचार त्यानंतर. जुन्या धरणांनाही हे लागू करावं.

माढेकर
भावना ठीक आहे. पण आमचीही बागायत जमीन गेली, आम्ही काय मासे मागतो का? उद्या प्रत्येक जात म्हणेल आमचा परंपरेचा धंदा, आम्हाला राखून ठेवा. मग गावातल्या भूमिहीन पोराने मासे धरायचेच नाहीत का, त्याचा आजा भोई नव्हता म्हणून? जातीचा धंदा मोडायला शंभर वर्षं गेली, तुम्ही तो कायद्यात घालायला निघालात.

भीमाकाठ (सोलापूर)
मी "भोयांना द्या" असं म्हटलेलं नाही, ज्यांचं पोट पाण्यावर होतं त्यांना द्या म्हणालो. आता त्यात बहुतेक भोई आणि कोळीच निघतात, त्याला मी काय करू?

कोर्टाची_पायरी
परंपरेवर फार भिस्त ठेवू नका. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या चिलिका सरोवराचा खटला होता. काहींनी जमीनदाराला पैसे मोजून मासे धरायचा हक्क घेतलेला, पण व्यवहार तोंडी. जमीनदारी गेली, सरोवर सरकारकडे आलं, सरकारने तो व्यवहार मानायला नकार दिला. कोर्टाचं म्हणणं पडलं की दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे, नोंदणीकृत दस्त नसेल तर तो मिळालाच नाही. तिथे निदान पैसे दिलेले होते. उजनीकाठच्या माणसाकडे काय आहे? आजोबांची आठवण.

वनहक्क कायद्याचं नाव कुणी काढेल म्हणून आधीच सांगतो. २००६ च्या त्या कायद्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क आहे खरा, पण जमीन वनाची हवी, आणि आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. उजनीच्या पाण्याचं वयच तेवढं नाही.

भीमाकाठ (सोलापूर)
वकीलसाहेब, कागद नसताना न्याय मिळालेलाही आहे. २०१५ मध्ये हरित लवादाने उरण-पनवेलकडच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना बंदराच्या भरावापायी ९५ कोटींहून जास्त भरपाई द्यायला सांगितली. २०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही मच्छीमारांचा रूढीने चालत आलेला हक्क धरून भरपाईचा मार्ग मोकळा केला. खाडीतल्या कोळ्याकडे तरी कुठे सातबारा होता?

कोर्टाची_पायरी
हो, पण दोन्हीकडे निकाल भरपाईचा झाला, पाण्याचा नाही. नुकसान मोजून पैसे देणं वेगळं आणि "हे पाणी तुमचं" म्हणणं वेगळं. तुम्ही दुसरं मागताय. त्या वाटेने गेलात तर पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्याने उजनीत मासळीची जी दशा झाली, त्याची भरपाई मागता येईल. खरं तर तो दावा जास्त पक्का आहे. पण कुणी करत नाही.

हिशेबी
सगळे हक्कावर बोलतायत. मत्स्यबीज कोण टाकणार? कटला, रोहू, मृगळ हे धरणात आपोआप वाढत नाहीत, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागते, सांभाळावी लागते. ठेकेदार पैसे घालतो कारण पाच वर्षं पाणी त्याचं असतं. सगळ्यांना मोकळं सोडलं की काय होतं ते दिसतंच आहे. बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी टाकून बोटभर पिल्लं काढायची, ओळखीच्या दराने विकायची, आणि वर ओरडायचं की मासा संपला. गरिबी आहे म्हणून तळ्याला हिशेब माफ होत नाही. निविदा काढा, पैसे सरकारला येऊ द्या, त्यातून मच्छीमारांना काय द्यायचं ते द्या.

भीमाकाठ (सोलापूर)
बारीक जाळीचं मान्य. पण हक्क दिला की माणूस जपत नाही, हे मान्य नाही. मध्य प्रदेशात तवा धरण आहे. १९९६ मध्ये तिथल्या विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला सरकारने मासेमारीचा हक्क दिला. संघच बीज टाकायचा, विणीच्या काळात बंदी पाळायचा, मासे बाहेर नेऊन विकायचा, सरकारला रॉयल्टी भरायचा. दहा वर्षं चाललं की!

हिशेबी
आणि २००६ नंतर?

भीमाकाठ (सोलापूर)
नूतनीकरण झालं नाही.

हिशेबी
तेच म्हणतोय.

भीमाकाठ (सोलापूर)
अहो, ते मच्छीमारांमुळे बुडलं नाही! मुदतीचा हक्क होता, मुदत संपली, सरकारने पुढे दिला नाही. म्हणून तर मी "देता येईल"वर अडलोय. सरकारच्या मर्जीवर दिलेलं सरकारच्या मर्जीने जातं.

पाण्यातला
मी हे वाचतोय दोन दिवस. मी भोई नाही, धनगराचा आहे. मेंढरं राखणं सुटलं तेव्हा थर्माकोलवर बसून जाळी टाकायला शिकलो, आता होडी आहे. पंधरा वर्षं झाली. भीमाकाठ दादांचा नियम लावला तर मी बाहेर, कारण धरणाने माझी नदी नेली नाही, मला तर धरणानेच पोट दिलं. माढेकर म्हणतात तो भूमिहीन पोरगा म्हणजे मीच. पण त्यांचंही पूर्ण पटत नाही. ठेका आला की आम्ही मालकाचे मजूर होतो. मासा आम्ही धरायचा, वजन त्याच्या काट्यावर, भाव त्याचा. आपल्या नावाचा मासेमारीचा पास असला की निदान मासा भिगवणला का इंदापूरला द्यायचा ते आपलं आपण ठरवतो.

दुसरं एक. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला. मृतसाठाच ६३ टीएमसी आहे, म्हणून वरून दिसायला पाणी दिसतं. पण त्या साठ्यातूनही खाली पाणी सोडलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही. उसाचं आणि पिण्याचं ठरवायला बैठका होतात. माशाचं कुणी बोलत नाही. हक्क द्यायचाच असेल तर एवढं पाणी ठेवायचं असा द्या, नुसता जाळी टाकायचा काय कामाचा?

माढेकर
तुमचं पटलं. पण पाणी राखून ठेवायचं म्हणाल तर मग आमच्याशी भांडण आहे. ऊस वाळतो तेव्हा आम्ही कुणाकडे जायचं?

पाण्यातला
आहेच भांडण. निदान समोरासमोर तरी होईल.

कोर्टाची_पायरी
या सगळ्यात मला एकच सोडवता येण्यासारखी गोष्ट दिसते, आणि ती जातीची नाही. सरकारी कागदात शब्द आहे "क्रियाशील मच्छीमार", प्रत्यक्ष जाळी टाकणारा. मच्छीमार सहकारी संस्थांच्या यादीत तो नसतो. यादीत असतात पुढाऱ्याचे मेहुणे. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे कर्ज, वीज, विमा, सगळं पुढे त्या यादीवरच वाटलं जाणार. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची सक्ती झाली तर हे पाण्यातले दादाही त्यात येतील आणि मावशींचं माहेरही. भीमाकाठ, तुम्ही "पहिला हक्क" म्हणता ते नंतर भांडू.

भीमाकाठ (सोलापूर)
नंतर कशाला? यादीत आलेल्यांमध्ये १९८० च्या आधीपासूनचे आधी, बाकीचे मागून. दादांना बाहेर काढायचं माझ्या मनात नव्हतं, ते माझं चुकलं. पण आधी-मागे मी सोडणार नाही.

पाण्यातला
चालतंय. आधी त्या मावशींनी चिलापी किलोला काय दराने दिली ते सांगा. काल रात्री आम्हाला काट्यावर काय मिळालं ते मी सांगतो, मग पुढचं बोलू.